नळी जोडलेली तलवार: कोल्हापुरातल्या एका वाड्यातलं भरलेलं हत्यार

खंडेनवमीच्या आधी घरातली हत्यारं उजळून घ्यायची, ही कोल्हापुरातली जुनी रीत. मंगळवार पेठेतल्या एका वाड्यातून तीन तलवारी, एक पट्टा आणि दोन कट्यारी उद्यमनगरातल्या बफिंगच्या कारखान्यात गेल्या. कारागिरानं पाच हत्यारं घेतली आणि सहावं परत दिलं. त्या तलवारीच्या पात्याला उजव्या अंगानं बोटभर जाडीची लोखंडी नळी बसवलेली होती. नळीच्या तोंडात काहीतरी घट्ट बसलंय, यात दारू असेल तर चाकावर धरणार नाही, असं त्यानं सांगितलं. या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. बफिंगच्या चाकाखाली लोखंड हाताला चटका बसेल इतकं तापतं आणि ठिणग्याही उडतात. नळी खरोखरच भरलेली निघाली.

घरच्यांचे प्रश्न तीन होते. हत्यार खरं आहे का? ते शिवकालीन आहे, असं आजोबा सांगायचे, ते बरोबर का? आणि ते पूजेत ठेवता येईल का? यातला मधला प्रश्न सगळ्यात अवघड, कारण नळी जोडलेल्या तलवारीला एकच वय नसतं. पातं एका काळातलं, मूठ दुसऱ्या काळातली, नळी तिसऱ्या काळातली असू शकते. हत्याराचं वय ठरतं ते जोडावरून. म्हणून तपासणी पात्यापासून सुरू न होता जोडापासून झाली. पण त्याआधी नळी रिकामी करणं भाग होतं.

हत्यार कसं आहे ते आधी पाहू. पातं वक्र, एकधारी, ७४.५ सेंटिमीटर लांब, मुठीजवळ पाठीवर ५ मिलिमीटर जाड. मूठ नेहमीच्या तलवारीची, लोखंडी, वर वाटोळी गादी, समोर बोटं झाकणारी परज. एकूण वजन १,१८० ग्रॅम. पात्याच्या उजव्या अंगाला, मुठीला लागूनच, ११.५ सेंटिमीटर लांबीची नळी. बाहेरून व्यास १८ मिलिमीटर, आतून १२. नळी पात्याला दोन लोखंडी कड्यांनी बांधलेली, कड्यांत मिळून तीन स्क्रू, आणि नळी व पातं यांच्या फटीत राखाडी डाख, म्हणजे सोल्डर. नळीच्या मागच्या टोकाला बाजूनं निपल (बार पेटवणारी टोपी बसवायची पोकळ खुंटी), त्यावर घोडा टेकलेला. चाप परजेच्या आत, तर्जनी जिथे येते तिथेच.

चापाची ही जागा नीट समजून घ्यायला हवी. आपल्या तलवारीची मूठ आखूड असते आणि गादीमुळे मनगट अडतं, म्हणून पुष्कळ लोक तर्जनी मुठीच्या आडव्या बाहूवरून पुढे घेऊन पात्याच्या बोथट भागाला टेकवतात. पकड घट्ट होते, वार ओढून मारता येतो. मर्दानी खेळ खेळणाऱ्यांना ही पकड सवयीची आहे. इथे नेमक्या त्याच जागी चाप आला आहे. ज्यानं हे हत्यार बनवलं त्याला वापरणाऱ्याचं बोट कुठे असतं हे माहीत होतं. मात्र घोडा चढवलेला असताना तलवार फिरवली तर गोळी सुटणार, हा धोकाही त्याच निवडीतून आला.

नळी भरलेली आहे की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. बाहेरून नळीच्या तोंडापासून निपलाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं, मग आतून लाकडी काडी हलकेच सोडून ती किती जाते ते पाहायचं. दोन्ही मापं जवळजवळ सारखी आली तर नळी रिकामी. इथे बाहेरचं माप ११२ मिलिमीटर होतं आणि ८ मिलिमीटर जाडीची बांबूची काडी ८३ मिलिमीटरवर थांबली. २९ मिलिमीटर जागा भरलेली. हिशेब जुळतो: १२ मिलिमीटरच्या नळीत साधारण ११.४ मिलिमीटर व्यासाची गोळी, तिच्या खाली-वर ३-३ मिलिमीटर चिंधीचा बोळा आणि मागे सुमारे सेंटिमीटरभर दारू. काडी लाकडाचीच हवी. लोखंडी गज कधीच नको. आणि काडी घालताना नळीच्या तोंडासमोर चेहरा किंवा हात येऊ द्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नको वाटतं, तरी लोक नेमके आत डोकावतात.

आणखी एक गोष्ट काळजीची होती. निपलावर हिरवट खपली होती, म्हणजे तांब्याची टोपी तिथेच गंजून बसली होती. टोपीत पाऱ्याचं फल्मिनेट असतं. आपटल्यावर ते पेटतं, आणि वर्षं लोटली म्हणून ते निकामी झालं असं धरून चालत नाही. तेल सोडलं की टोपी मरते, हा समज पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. त्यावरही विसंबू नये. घोडा उचलायचा नाही, टोपी खरवडायची नाही, चापाला बोट लावायचं नाही. हत्यार आडवं, तोंड वाळूच्या पोत्याकडे, आणि तसंच राहू द्यायचं.

इथून पुढचं काम घरातल्यांचं नाही आणि अभ्यासकांचंही नाही. पोलीस ठाण्यात कळवलं, बॉम्ब शोधक व नाशक पथक आलं. त्यांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रात सगळं स्वच्छ दिसलं. शिसं लोखंडापेक्षा जड, म्हणून गोळीचा गोल ठळक उमटतो. दारू अशा चित्रात दिसत नाही, पण गोळीमागची मोकळी वाटणारी जागा आणि तिथे आडवा आलेला निपलाचा दांडा यांवरून ती कुठे आहे ते कळतं. त्याच चित्रात मुठीतलं पात्याचं शेपूटही दिसलं: ६ सेंटिमीटर लांब, भोवती लाखेची पोकळी. आपल्या तलवारींत पातं मुठीत खिळ्यानं नाही, लाखेनं बसवतात. या एका गोष्टीवर पुढची सगळी स्वच्छता अवलंबून होती.

पथकानं आधी टोपी पाण्यानं भिजवून काढली, मग नळी तोंड वर करून उभी ठेवली आणि तोंडातून शुद्ध पाणी थेंबाथेंबानं चार दिवस सोडलं. काळ्या दारूत सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १०. सोरा पाण्यात विरघळतो आणि तो गेला की उरलेलं मिश्रण पेटत नाही. कोरडी दारू मात्र शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते, कारण तिच्यात आपोआप मोडणारं काही नाही. चिंधी मऊ झाल्यावर पितळी पेचानं गोळी ओढून काढली. पितळ अशासाठी की त्याची ठिणगी पडत नाही. गोळी ८.७ ग्रॅम भरली, तिच्यावर पांढरी भुकटी होती. ही भुकटी शिशाच्या गंजाची, विषारी, म्हणून हातमोजे. दारूचा गोळा पथकानं पंचनामा करून ताब्यात घेतला. ही पायरी वाचून कुणी घरी करू पाहील, म्हणून स्पष्ट लिहितो: भरलेली नळी रिकामी करणं हे फक्त पथकाचं काम आहे.

इथे एक चूक होता होता टळली. नळीतून पाणी काढल्यावर ती वाळवण्यासाठी स्पिरिट फिरवतात, नाहीतर रात्रभरात आत लाल गंज चढतो. पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तलवार मुठीवर उभी असताना स्पिरिट निपलाच्या फटीतून झिरपलं असतं, तर मुठीत उतरून पातं हलायला लागलं असतं. म्हणून वाळवण्याचं स्पिरिट तोंड खाली आणि मूठ वर अशा स्थितीत फिरवलं. गरम हवेचा झोतही ५० अंशांच्या आतच ठेवला, कारण ६५-७० अंशांच्या पुढे लाख मऊ पडते. बफिंगला गेलेल्या कितीतरी तलवारींची मूठ नंतर हलते ती याचमुळे, आणि मग कुणीतरी तिच्यात एम-सील भरतं.

आता जोड.

नळी पात्याला बसवण्याचे तीन मार्ग असतात: पितळी झाळ, मऊ डाख किंवा कडी आणि स्क्रू. पितळी झाळेला नऊशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. एवढ्या उष्णतेत पात्याचं पाणी उतरतं, पोलाद मऊ होतं आणि त्या जागी पातं वाकायला लागतं. ज्याला तलवार तलवार म्हणून वापरायची आहे तो मुठीजवळ झाळ कधी देणार नाही. त्यामुळे झाळ दिसली की समजावं, हत्यार भिंतीवर टांगण्यासाठी केलेलं आहे. कथिल-शिशाचा मऊ डाख दोनशे अंशांच्या आत वितळतो, त्यानं पात्याला इजा होत नाही. इथे मऊ डाख आणि कडी दोन्ही होती. कड्या धक्का सोसतात, डाख नळी घसरू देत नाही. जोडणाऱ्याला काम येत होतं.

स्क्रूंनी वेगळीच माहिती दिली. तिघांपैकी दोन हातानं घासून केलेले: आटे असमान, डोक्यावरची खाच मध्यावर नाही आणि खाली निमुळती. तिसऱ्याचे आटे एकसारखे, व्यास एक अष्टमांश इंच, एका इंचात ४० आटे. हे व्हिटवर्थचं प्रमाण. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यानं आट्यांचं प्रमाणीकरण १८४१ मध्ये मांडलं आणि ते भारतातल्या कारखान्यांत रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे हा स्क्रू नंतरच्या दुरुस्तीचा. केवळ तो एक पाहिला असता तर सगळं हत्यारच अलीकडचं ठरवण्याची चूक झाली असती. उलट, फक्त हाताचे दोन पाहून ‘जुनं’ म्हणणंही तेवढंच घाईचं. स्क्रू प्रत्येक वेगळा काढून, भिंगाखाली, आट्यांच्या गेजनं मोजायचा आणि परत त्याच भोकात घालायचा. हातानं केलेले स्क्रू एकमेकांच्या भोकात बसत नाहीत, जबरदस्ती केली तर आटे जातात. कागदावर नळीचं चित्र काढून त्यातच स्क्रू टोचून ठेवणं हा सोपा उपाय.

खरा उलगडा घोड्याच्या बाजूच्या पट्टीनं केला. तिच्यावर तीन भोकं बुजवलेली दिसली. एका भोकाचं ठिकाण रंजकाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूच्या, वाटीचं, दुसरं गार जिच्यावर आपटते त्या पोलादी पट्टीच्या खिळीचं, तिसरं तिच्या कमानीचं. नळीचा मूळ कान (दारू पेटवायचं भोक) रुंद करून त्यात निपलाचा दांडा आट्यांनी बसवलेला. म्हणजे हे पिस्तूल आधी गारेचं, गारगोटीच्या ठिणगीवर उडणारं होतं, नंतर टोपीचं केलं गेलं. रंजकाऐवजी टोपी वापरण्याची पद्धत १८२० नंतर हळूहळू पसरली आणि कंपनीच्या फौजांत तिला १८४० च्या दशकात जोर आला. जुनी गारेची पिस्तुलं टोपीवर घेण्याचं काम त्याच सुमाराचं.

पण पिस्तूल तलवारीला आधी जोडलं आणि नंतर टोपीवर घेतलं, असंही असू शकतं ना? ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर मागच्या कडीनं दिलं. बुजवलेल्या तीन भोकांपैकी एक कडीच्या कडेखाली अर्धं दडलेलं आहे. बुजवणीची अर्धी चकती उघडी, अर्धी कडीखाली. म्हणजे आधी भोक बुजलं, मग कडी आली. शिवाय घोडा आणि परज यांच्यात ३८ मिलिमीटरचीच जागा आहे. गार धरणारा जबडेवाला घोडा मागे पूर्ण चढायला तिथे जागाच पुरत नाही. तेव्हा क्रम पक्का: गारेचं पिस्तूल, मग टोपी, मग तलवारीशी जोड. जोड एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा नाही.

पातं त्याहून जुनं आहे. धारेवर वारंवार लावल्याची झीज आहे, मुठीजवळ पातं रुंद आणि पुढे एकदम अरुंद झालंय, म्हणजे पुष्कळ वर्षं दगडावर गेलेलं. एका वापरलेल्या जुन्या तलवारीला नंतर नळी मिळाली.

घरच्यांना हे ऐकताना वाईट वाटलं, ते साहजिक होतं. पण ‘शिवकालीन नाही’ याचा अर्थ ‘खोटं’ असा होत नाही. या हत्यारानं प्रत्यक्ष गोळी झाडली आहे, आणि त्याचा पुरावा पात्यावर आहे. नळीच्या तोंडापुढे पात्याच्या उजव्या अंगावर सहा-सात सेंटिमीटर लांबीचा पंख्यासारखा पसरलेला खरबरीत पट्टा आहे, बारीक खड्ड्यांचा. डाव्या अंगावर तसं काहीच नाही. काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राखेच्या रूपात मागे राहतो. ती राख हवेतलं पाणी ओढते, त्यात गंधकाचे क्षार असतात, आणि वेळीच धुतली नाही तर एका पावसाळ्यात लोखंड खाते. खड्डे फक्त नळीच्या समोर आणि फक्त एका अंगाला आहेत, याचा एकच अर्थ: पिस्तूल तलवारीला जोडल्यानंतर ते झाडलं गेलं, एकदा नव्हे, आणि प्रत्येक वेळी पातं पुसलं गेलं नाही. बफिंगच्या चाकानं हा पट्टा दोन मिनिटांत गुळगुळीत झाला असता. मग हे हत्यार चालतं होतं, हे सांगणारं त्याच्यावर काही उरलं नसतं.

पुरावा थोडा आधीच पुसट झाला होता. दरवर्षी खंडेनवमीला चिंच आणि रांगोळीनं घासण्याची घरची पद्धत. चिंचेचं आम्ल गंज खातं तसंच पोलादही खातं, आणि रांगोळीचे कण पृष्ठभाग खरवडतात. पात्याच्या डाव्या अंगावरचे मूळ घासण्याचे बारीक माग पार गेले आहेत. उजवं अंग नळीच्या अडथळ्यामुळे वाचलं.

तलवारीला नळी जोडण्याची कल्पना कोल्हापूरची नाही, भारताचीही एकट्याची नाही. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या शस्त्रागारात मध्यभागी तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीवर उडणारी, नळी बसवलेल्या ढाली होत्या. अठराव्या शतकात युरोपात शिकारीच्या आखूड तलवारींना गारेचं पिस्तूल जोडत, जखमी जनावर अंगावर आलं तर एक बार हाताशी असावा म्हणून. अमेरिकेत जॉर्ज एल्गिननं ५ जुलै १८३७ रोजी पिस्तुलाखाली रुंद पातं बसवलेल्या हत्याराचं पेटंट घेतलं. त्यातली १५० अमेरिकी नौदलानं दक्षिण समुद्रातल्या विल्क्सच्या मोहिमेसाठी (१८३८-४२) विकत घेतली, नळीचा व्यास ०.५४ इंच. हिंदुस्थानात कट्यारीच्या दोन्ही बाजूंना दोन नळ्या, कुऱ्हाडीच्या दांड्यात नळी, ढालीच्या चार फुलांमागे चार पिस्तुलं, असे प्रकार झाले. मागचा विचार सगळीकडे एकच: ठासणीचं पिस्तूल एकदाच बार करतं, पुन्हा भरायला अर्धा मिनिट लागतं, आणि समोरचा तोवर थांबत नाही. एका हातात लगाम असेल तर दुसऱ्या हातात दोन्ही हत्यारं असावीत.

तरीही ही हत्यारं कुठल्याच फौजेत मोठ्या संख्येनं रुजली नाहीत. का, ते या एका नमुन्यावरून मोजून दाखवता येतं. नळीचं लोखंड हिशेबानं सव्वाशे ग्रॅम, घोडा-कड्या-कमानी धरून आणखी सुमारे १४०. म्हणजे मूळ तलवार नऊशेच्या आसपास होती आणि तिच्यावर २६५ ग्रॅम चढले. हे वजन मुठीजवळ असल्यामुळे तोल पुढे न जाता उलट मागे आला. मुठीपासूनचं अंतर आता ११ सेंटिमीटर आहे, नळी नसताना ते पावणेतेराच्या जवळ असलं पाहिजे. वाराचं वजन तेवढं कमी झालं. त्याहून वाईट म्हणजे तोल बाजूलाही सरकला, पात्याच्या मध्यापासून सुमारे ३ मिलिमीटर उजवीकडे. तीन मिलिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण वार करताना पातं हातात किंचित वळतं आणि धार सरळ न लागता तिरकी लागते. चांगला खेळणारा हे पहिल्याच हाताला ओळखेल.

बंदूक म्हणूनही तीच गत. नळी जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर, त्यामुळे दारूचा काही भाग तोंडाबाहेरच जळतो. गोळीचा वेग कमी, जाळ जास्त. गोळी पात्याच्या अंगापासून ३ मिलिमीटरवरून जाते. पातं उजवीकडे एवढंसं वाकलं, आणि लढाईत वाकतंच, तर गोळी स्वतःच्याच पात्याला लागेल. नेम धरायला काही नाही, कारण नजरेच्या रेषेत मूठ आणि परज येतात. गारेच्या हत्यारांत आणखी एक अडचण होती: तलवार फिरवली की रंजकाच्या वाटीतली दारू सांडायची. टोपी आल्यावर तेवढी मिटली. मर्दानी खेळातले गोल फिरणारे हात डोळ्यांपुढे आणले की ती अडचण किती मोठी होती ते कळतं. पुढे रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं आली, सहा बार हाताशी आले आणि तलवारीला नळी जोडण्याचं कारणच उरलं नाही.

घरात आणखी एक आठवण होती: हे हत्यार १८५७ च्या ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं बंड केलं त्या वेळचं. जोडाचा काळ त्या आठवणीच्या आड येत नाही. पण काळ जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. हत्यारावर नाव, शिक्का, तारीख काही नाही, म्हणून ती आठवण अहवालात घरातली सांगोवांगी म्हणूनच नोंदवली, हत्याराचा इतिहास म्हणून नाही. अशी नोंद ठेवणं महत्त्वाचं आहे. उद्या एखादं पत्र किंवा वाड्यातली यादी सापडली तर ती जोडून पाहता येईल.

कायद्याची बाजू पुष्कळांना उलटी माहीत असते. ‘जुनं आहे, परवाना लागत नाही’ हे अर्धंच खरं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण ते बंदूक म्हणून वापरता येणारं नसलं पाहिजे, दुरुस्ती करूनही. इथे नळी ठणठणीत निघाली. भिंत सगळीकडे ३ मिलिमीटर, तडा नाही, निपल मोकळं. म्हणजे सूट आपोआप लागू होत नाही. काही जण यावर सोपा उपाय सुचवतात: नळीला भोक पाडा, म्हणजे हत्यार निकामी. हा सल्ला आम्हाला मान्य नाही. गोळी झाडल्याच्या खुणा असलेली अखंड नळी हाच या हत्याराचा जीव आहे, आणि एकदा भोक पाडलं की ते कायमचं. रस्ता दुसरा आहे: पोलीस आर्मररची (शस्त्रं तपासणाऱ्या कारागिराची) लेखी तपासणी, आणि ती जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. निर्णय होईपर्यंत कलम २१ नुसार हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करता येतं. घरच्यांनी ठाण्यात जमा केलं आणि पावती घेतली. पावतीवर नुसतं ‘तलवार १’ न लिहिता मापं, वजन, तीन स्क्रू आणि बुजवलेली भोकं यांचं वर्णन आणि चार बाजूंची छायाचित्रं लावून घेतली. शंभर वर्षांवरची वस्तू म्हणून पुरावशेष कायदा १९७२ ही लागू होतो. ती परदेशात पाठवता येत नाही, नातेवाइकाच्या सामानातूनही नाही.

जमा करण्याआधी स्वच्छता झाली. लाल गंज बांबूच्या टोकदार कामटीनं आणि अगदी बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं काढला. नळीपुढच्या खरबरीत पट्ट्याला हातही लावला नाही, फक्त मऊ ब्रशनं धूळ काढली. मुठीजवळची जुनी खोबरेल तेलाची चिकट साय मिनरल टर्पेंटाइननं पुसली, कारण त्यात लाख विरघळत नाही. खोबरेल तेल लावायची सवय मोडावी. ते काही महिन्यांत खवट होतं, त्यातली आम्लं तांब्या-पितळेवर हिरवा गंज आणतात आणि धूळ धरून ठेवतात. त्याऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे दोन पातळ हात, पहिला वाळल्यावर दुसरा, आणि सुती फडक्यानं घासून चमक. वर्षातून एकदा पुरे. मेण लावल्यावर पात्याला उघड्या हातानं धरू नये, बोटाच्या घामाचा ठसा महिन्याभरात गंजून वर येतो.

म्यान वेगळं केलं. ते लाकडाचं, वर हिरडा-बाभळीनं कमावलेलं कातडं, आपल्या चपलेचंच. चपलेला ते उत्तम, पोलादाला वाईट. कातड्यातलं आणि लाकडातलं आम्ल दमट हवेत लोखंडावर उतरतं, आणि कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत ते रोज उतरतं. तलवार म्यानात फक्त नेण्या-आणण्यापुरती ठेवायची, साठवण वेगळी.

साठवणीसाठी पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याची पेटी, १०० × २५ × १५ सेंटिमीटर, झाकणाला रबरी पट्टी. आतलं आकारमान साडेसदतीस लिटर, एवढ्याला पाऊण किलो सिलिका जेल. आत छोटं आर्द्रतामापक, काटा ४५ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. नारिंगी जेल हिरवं झालं की ते ओव्हनमध्ये ११० अंशांवर वाळवून परत घालायचं. पावसाळ्यात हे तीन-चार वेळा करावं लागेल, उन्हाळ्यात एकदाही नाही. हत्याराखाली पॉलिथिन फोम. पिवळा स्पंज आणि मखमल नको, स्पंज चार-पाच वर्षांत चिकट होऊन पोलादाला चिकटतो. तलवार डाव्या अंगावर ठेवायची, म्हणजे नळीवर वजन येत नाही आणि डाख तडकत नाही.

राहिला पूजेचा प्रश्न. हळद-कुंकू पात्यावर लावलं की त्यातला ओलावा आणि चुना तिथेच बसतो. जुन्या तलवारींच्या मुठीजवळ दिसणारे गोल खड्डे बहुतेक वेळा वर्षानुवर्षांच्या कुंकवाच्या बोटांचे असतात. घरच्या आजींनीच यावर मार्ग काढला: विड्याचं पान म्यानावर ठेवायचं, हळद-कुंकू-अक्षता पानावर, फुलं बाजूला. यंदा हत्यार ठाण्यात असल्यामुळे पूजा म्यानाचीच झाली, आणि पान काढल्यावर म्यान कोरड्या फडक्यानं पुसून परत उघड्यावर टांगलं.